बोट पाचची, वरसेहून निघायचे कधी?

क्रूझच्या तिकिटावर जहाज सुटण्याची वेळ सगळ्यात ठळक छापलेली असते, आणि घरातून कधी निघायचे हे ठरवताना तिचाच उपयोग सगळ्यात कमी होतो. पाचची एसटी पाच वाजून एक मिनिटाने हलली तर धावत जाऊन गाठता येते. कंडक्टर कुरकुरतो, पण घंटी मारून गाडी थांबवतो. पाचच्या जहाजाची दारे मात्र प्रवाशांसाठी बरीच आधी बंद झालेली असतात. हे अंतर कंपनीगणिक आणि बंदरागणिक बदलते. कुठे तासभर, कुठे दीड-दोन तास, तर परदेशी बंदराला जाणारी फेरी असेल तर कधी त्याहूनही जास्त. प्रवेश बंद होण्याची ही वेळ तिकिटाच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत किंवा कंपनीच्या संदेशात सापडते. हिशेब सुरू करायचा तो तिथून, आणि मागे मागे येत पोचायचे ते घराच्या उंबऱ्यापर्यंत.

हा उंबरा वरसेचा असेल तर हिशेब जरा गुंतागुंतीचा होतो. वरसे रोहे शहराला लागून आहे. कारभार गावाचा असला तरी वस्ती शहरी वळणाची, आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत. मुंबईत क्रूझ जहाजे लागतात त्या बॅलार्ड पिअरपासून वरसे रस्त्याने साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुरू झाले, 2023 च्या नोव्हेंबरात ‘कोस्टा सेरेना’ने भारतीय किनाऱ्यावर फेऱ्या सुरू केल्या, आणि दोन-तीन रात्रींची समुद्रसफर ही फक्त परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट राहिली नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, नातवंडांची सुट्टी अशा निमित्ताने रायगडातली कुटुंबेही ही तिकिटे काढू लागली. त्यांच्यासमोरचा प्रश्न दक्षिण मुंबईत राहणाऱ्याच्या प्रश्नापेक्षा वेगळा असतो. मुंबईकराला बंदर टॅक्सीच्या अंतरावर असते. वरसेकराच्या आणि बंदराच्या मध्ये महामार्गावरचा तुंबणारा वडखळ नाका आहे.

बोट गाठण्याचा हिशेब या भागाला नवा नाही. रोहे कुंडलिकेच्या काठी, आणि कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा. खाडीत भरतीचे पाणी चढले की मचवे आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. मुंबईला जायचे तर धरमतरची किंवा रेवसची बोट धरून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, ही कित्येक वर्षांची रीत होती. दक्षिणेकडे दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना कोकण बोटी लागत. अनेक ठिकाणी त्या खोल पाण्यातच उभ्या राहत आणि प्रवाशांना पडावातून बोटीपर्यंत नेले जाई. त्या काळी बोट कधी येईल याचा नेम नसे. वारा, धुके, आधीच्या बंदरात झालेला खोळंबा, काहीही आडवे येई. म्हणून लोक गाठोडी-वळकट्या घेऊन कित्येक तास आधी बंदरावर येऊन बसत आणि भोंगा वाजण्याची वाट पाहत. पायवाट किंवा बैलगाडीचा रस्ता ठरल्या वेळात बंदरावर आणून सोडत असे. अनिश्चित होता तो समुद्र. आता नेमके उलट झाले आहे. जहाजाची वेळ मिनिटावर ठरलेली असते आणि सारी अनिश्चितता रस्त्यावर आली आहे. घरातून लवकर निघण्याची जुनी सवय तेवढी तशीच उपयोगी राहिली, तिचे कारण बदलले.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोकणात पंचांगावरून काढले जाई. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या. रोज साधारण पाऊण तासाने भरती पुढे सरकते म्हणून हे गणित जमते. मोठ्या क्रूझ जहाजाच्या प्रवाशाला हे गणित मांडावे लागत नाही, कारण ती जहाजे इंदिरा गोदीच्या झडपांच्या आतल्या पाण्यात न जाता बाहेर बॅलार्ड पिअरच्या लांब धक्क्याला लागतात. तरीही बंदरातून बाहेर पडताना जहाजाला बंदराचा पायलट घ्यावा लागतो, ओढबोटींची वेळ ठरवावी लागते आणि मालवाहू जहाजांच्या रांगेत स्वतःची जागा सांभाळावी लागते. पुढच्या बंदरातही धक्का ठराविक तासांसाठीच राखलेला असतो. अर्धा तास उशिरा सुटलेले जहाज तो अर्धा तास भरून काढायला वेग वाढवते आणि इंधन जाळते. दोन प्रवासी वडखळला अडकले म्हणून दीड हजार लोकांचे जहाज का थांबत नाही, याचे उत्तर या साखळीत आहे.

लवकर दार बंद करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते रायगडच्या किनाऱ्याला फार जवळचे आहे. 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. नेमकी किती, हे ठामपणे सांगता आले नाही, कारण बोटीवर किती माणसे चढली होती याचीच खात्रीशीर मोजदाद नव्हती. आज आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार प्रवासी जहाजाने बंदर सोडण्यापूर्वी जहाजावरच्या प्रत्येक माणसाची मोजणी पूर्ण झालेली असावी लागते. प्रवाशाला मिळणारे कार्ड जहाजाच्या दारातल्या यंत्रावर लावले की त्याचे नाव ‘आत’ असे नोंदले जाते. यादी पक्की होते, बंदराच्या अधिकाऱ्यांकडे जाते, आणि मगच दोर सुटतात. यादी पक्की करायला वेळ लागतो. तो वेळ शेवटच्या तासातूनच काढलेला असतो.

त्याच करारात 2015 पासून आणखी एक अट आली. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि 32 जण मेले. ताज्या चढलेल्या काही प्रवाशांना आपत्तीच्या वेळी कुठे जमायचे हेच दाखवलेले नव्हते, कारण जुन्या नियमानुसार ती कवायत चोवीस तासांच्या आत केली तरी चालत असे. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच करावी लागते. लाइफ जॅकेट कसे घालायचे, आपले जमण्याचे ठिकाण कोणते, सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय, हे सगळे प्रवाशाला त्याच दिवशी कळले पाहिजे. शेवटच्या घटकेला धापा टाकत चढलेल्या कुटुंबाची पहिली ओळख मग खोलीशी किंवा जेवणाशी न होता या कवायतीशी होते.

मग सकाळी सातलाच बंदरावर जाऊन बसावे का? तसेही करू नये. प्रवासाच्या दिवशी जहाज पहाटे किंवा सकाळी आधीची फेरी संपवून आलेले असते. सकाळभर जुने प्रवासी उतरत असतात, त्यांच्या बॅगा बाहेर येत असतात, आणि दारातल्या सगळ्या टॅक्सी त्यांनीच घेतलेल्या असतात. आत खोल्या झाडल्या-पुसल्या जात असतात, चादरी बदलत असतात, भाजीपाला आणि पाणी चढत असते. ‘एम्प्रेस’सारख्या जुन्या, मध्यम जहाजावर दीड हजाराहून अधिक प्रवासी मावतात, ‘कोस्टा सेरेना’वर साडेतीन हजारांहून अधिक. इतक्या माणसांची उतर-चढ एकाच धक्क्यावर एकाच दिवसात होते. खोल्या बहुधा दुपारी एक-दोनच्या सुमाराला तयार होतात. त्याआधी आत घेतले तरी प्रवासी हातातल्या पिशव्यांसह जहाजाच्या उपाहारगृहात किंवा डेकवर बसतात.

यासाठीच कंपन्या प्रत्येक तिकिटाला येण्याची ठरावीक वेळ देतात: अकरा ते बारा, बारा ते एक, अशी. ऑनलाइन नोंदणी करताना ती निवडता येते, आणि वरसेसारख्या ठिकाणाहून येणाऱ्याने ती निवडतानाच विचार करावा. पहिली वेळ निवडली तर पहाटेच निघावे लागेल. शेवटची निवडली तर वाटेत खोळंबा झाल्यावर हातात काहीच उरणार नाही. मधली वेळ घ्यावी. थोडे आधी पोचल्यास थांबावे लागेल, थोडे उशिरा पोचल्यास दार उघडे असेल. नेमून दिलेल्या वेळेच्या फार आधी आलेल्यांना पुष्कळदा आत सोडत नाहीत, आणि बंदराच्या दारात बॅगा घेऊन उभे राहायला ना सावली असते ना बाक. दक्षिण मुंबईत दोन तास मोकळे मिळाले तर फोर्टात एखाद्या इराण्याकडे बसणे दरवाज्यातल्या फुटपाथपेक्षा केव्हाही बरे.

दरवाजा म्हणजे नेमका कोणता, हेही आधी पाहून ठेवावे. मुंबई बंदराच्या दरवाज्यांना रंगांची नावे आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलला जाणारा प्रवासी सहसा ग्रीन गेटच्या बाजूने आत जातो. टॅक्सीवाल्याला नुसते ‘बोटीला जायचंय’ सांगितले तर तो गेटवे ऑफ इंडियाला नेऊन सोडण्याची शक्यता दाट, कारण त्याच्या लेखी बोट म्हणजे एलिफंटाची किंवा मांडव्याची. दुसरा एखादा भाऊच्या धक्क्याला नेईल. त्याचेही चुकत नाही: 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बॅलार्ड पिअरहून न सुटता भाऊच्या धक्क्याकडच्या देशांतर्गत टर्मिनलवरून सुटत असे. अलिबागच्या कान्होजी आंग्र्यांचे कुलनाम मिरवणारी ती बोट कोविडच्या काळात थांबली, पण पत्त्यांचा गोंधळ मागे ठेवून गेली. तीनही ठिकाणे नकाशावर जवळजवळ दिसतात. भरदुपारच्या वाहतुकीत बॅगांसह एकीकडून दुसरीकडे जायला अर्धा तास मोडतो.

आत गेल्यावरचा क्रम ठरलेला असतो. बंदर हे संरक्षित क्षेत्र आहे, त्यामुळे दारातच सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. सोडायला आलेल्या काका-मामांना तिथूनच परत फिरावे लागते. पुढे मोठ्या बॅगांना खोली क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधून त्या हमालांच्या ताब्यात द्यायच्या. त्या क्ष-किरण यंत्रातून जाऊन संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, लहान मुलांचे कपडे, चष्मा, कागदपत्रे ही हातातल्या पिशवीतच हवीत. मग खिडकीवर ओळखपत्र, फोटो, कार्ड, परदेशी बंदर असेल तर इमिग्रेशन, शेवटी शिडी. 20 सप्टेंबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलमध्ये तपासणी आणि इमिग्रेशनसाठी 72 खिडक्या आहेत आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय गृहीत धरलेली आहे. त्यामुळे रांग पूर्वीइतकी रेंगाळत नसली, तरी सगळे उरकायला गर्दीच्या वेळी तास-दीड तास धरून चालावे.

हा वेळ बहुधा यंत्रांमुळे वाढत नाही. वाढतो तो कागदांमुळे. एका तिकिटावर आठ जणांचे कुटुंब असते, आजोबांच्या आधारकार्डावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव जुळत नाही, नातवाचे कार्ड घरीच राहिलेले असते, आणि त्या एका नावासाठी आठही जण बाजूला उभे राहतात. आदल्या आठवड्यात सगळी नावे एकदा ओळीने पडताळली तर ही पाळी येत नाही. दुसरी हमखास अडचण म्हणजे शिदोरी. पेणचे पोहे-पापड, घरचे लाडू, चिवडा यांवाचून प्रवास ही कल्पना आपल्याकडे रुचत नाही. पण बहुतेक जहाजांवर बाहेरचे खाणे चढवू देत नाहीत. यंत्रात डबा दिसला की बॅग उघडली जाते आणि रांग थबकते. इस्त्री, मेणबत्त्या, पाणी तापवायची कांडी, दारू हेही तिथेच अडते. लाडू गाडीतच संपवावेत.

आता रस्ता. वरसेहून नागोठणे, मग मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ, पेण, खारपाड्याचा पूल, कर्नाळा आणि पळस्पे, हा नेहमीचा मार्ग. पळस्प्याहून जुन्या वाटेने वाशी-चेंबूर धरायचे किंवा जेएनपीटीच्या रस्त्याने चिर्ल्याकडे वळून अटल सेतूवर चढायचे. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला हा 21.8 किलोमीटरचा पूल शिवडीला उतरतो, आणि तिथून पूर्व मुक्त मार्गाने पी. डिमेलो रस्त्यापर्यंत पोचले की बंदराचे दरवाजे समोरच. मोकळा रस्ता मिळाला तर वरसे ते ग्रीन गेट तीन ते साडेतीन तासांत होते. अटल सेतूने सगळ्यात मोठे काम केले ते वेळ वाचवण्याचे नव्हे, वेळेचा अंदाज बांधता येण्याचे. वाशीच्या खाडीपुलावर आणि शीव-चेंबूरच्या चौकांत किती वेळ जाईल हे पूर्वी कोणी सांगू शकत नसे. आता चिर्ल्यापासून पुढचा टप्पा बऱ्यापैकी घड्याळाबरहुकूम होतो. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचे काम सुरू झाल्यापासून शेवटच्या दोन किलोमीटरांत मात्र थोडा जादा वेळ राखावा.

म्हणजे खरा बेभरवशाचा तुकडा उरतो नागोठणे ते पळस्पे. या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि ते किती रखडले हे रायगडात कोणाला सांगावे लागत नाही. वडखळला अलिबागचा रस्ता येऊन मिळतो. शनिवार-रविवार अलिबाग-मुरूडला गेलेली मुंबई रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी परत निघते तेव्हा हा नाका तुंबतो. उलट शुक्रवारी सकाळी मुंबईकडे जाणाऱ्याला रस्ता बहुधा मोकळा मिळतो, कारण गर्दी समोरून येणारी असते, आणि तीही संध्याकाळी. म्हणून शुक्रवारच्या जहाजासाठी आणि सोमवारच्या जहाजासाठी निघण्याची वेळ एकच असू शकत नाही. नाताळ, नववर्ष, होळी, मे महिन्याची सुट्टी यांचा हिशेब निराळा. गणपतीच्या आधी चाकरमानी कोकणात उतरतात आणि विसर्जनानंतर परततात. परतीच्या त्या दोन-तीन दिवसांत मुंबईला जाऊन जहाज गाठायचे असेल तर त्याच सकाळी निघण्याचा विचारही करू नये. सुदैवाने क्रूझचा मोठा हंगाम पावसाळ्यानंतरचा असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच समुद्रात उतरायचे हा कोळ्यांचा नेम, आणि पश्चिम किनाऱ्यावरची सफरीची जहाजे त्याहूनही थोडी उशिराच येतात.

या सगळ्याचा आकडा मांडायचा तर असा: समजा जहाज पाचला सुटते, प्रवेश तीनला बंद होतो आणि तिकिटावर दिलेली वेळ बारा ते एक आहे. नेहमीचा प्रवास साडेतीन तासांचा. बहुतेक लोक साडेबारातून साडेतीन वजा करून नऊला निघायचे ठरवतात. हा हिशेब चांगल्या दिवसाचा झाला. बंदरासाठी हिशेब वाईट दिवसाचा करायचा असतो: याच रस्त्याला गेल्या वर्षभरात जास्तीत जास्त किती वेळ लागला, ते आठवायचे आणि तो धरायचा. तो पाच तास असेल तर साडेसातला निघावे. मग रस्ता मोकळा मिळाला तर अकराला मुंबईत, चहा घेऊन आरामात दारात. पाच तास लागले तर बरोबर साडेबाराला. एखादा टँकर उलटून साडेसहा तास लागले तरी दोन वाजता, म्हणजे दार बंद व्हायला तासभर बाकी. दोन तास लवकर पोचल्याने जाते ती फक्त सकाळची झोप. अर्धा तास उशीर झाला तर बहुतेक कंपन्यांच्या अटींप्रमाणे सगळे भाडे जाते. तोटा दोन्ही बाजूंना सारखा नसला की ताजव्यात मधोमध काटा ठेवायचा नसतो.

रेल्वेचा पर्याय स्वस्त, आणि एका अर्थाने भरवशाचा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पनवेल तिथून सुमारे 75 किलोमीटर. दिव्याकडे जाणारी मेमू पकडून पनवेलला उतरायचे, हार्बर लोकलने सव्वा तासाहून थोड्या अधिक वेळात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि तिथून टॅक्सीने बंदर पाच-दहा मिनिटांवर. वडखळचा नाका या वाटेत येत नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. मेमूच्या फेऱ्या दिवसात मोजक्याच, त्यामुळे एक चुकली तर पुढची गाडी वाट पाहण्याच्या पलीकडची असते. आणि रविवारी हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असला तर तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत असतो, म्हणजे जहाजावर चढण्याच्या नेमक्या तासांत. रविवारच्या जहाजासाठी लोकलने जाणाऱ्याने शनिवारचे वर्तमानपत्र नीट पाहावे. मोठ्या चार बॅगा आणि गुडघे दुखणारी आजी सोबत असेल तर पनवेलच्या जिन्यांचाही विचार करावा.

तिसरी वाट पाण्याची, आणि जहाजाला जाणाऱ्याला ती शोभतेही. रोह्याहून सुडकोली-रामराजमार्गे अलिबाग, पुढे मांडवा, आणि मांडव्याहून बोट. 15 मार्च 2020 पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी रो-रो सेवा सुरू आहे. गाडीसकट तासाभरात मुंबईत उतरता येते, आणि भाऊच्या धक्क्यापासून बॅलार्ड पिअर टॅक्सीच्या छोट्या फेरीइतके दूर. गेटवेला जाणाऱ्या कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात. या वाटेने वडखळ टळते, पण सुट्टीच्या दिवशी तिकीट आधी काढलेले नसेल तर मांडव्याच्या धक्क्यावरच दोन फेऱ्या हातच्या जाताना पाहाव्या लागतात. शिवाय ही बोट गाठण्यासाठीही लवकर पोचावे लागते. एका बोटीसाठी दुसऱ्या बोटीची वेळ सांभाळायची म्हणजे चुकण्याच्या जागा दोन होतात. हवा स्वच्छ असेल आणि मधे एका फेरीचे अंतर राखता येत असेल, तरच हा मार्ग धरावा.

सगळ्यात निर्धास्त उपाय जुनाच आहे: आदल्या रात्री मुंबईत मुक्काम. गिरगाव, दादर, परळ इथे नातेवाईक असतील तर सोन्याहून पिवळे. डोंबिवली-कल्याणच्या नातेवाइकांचा आग्रह मात्र प्रेमाने टाळावा. तिथून सकाळच्या लोकलमध्ये बॅगा घेऊन शिरण्यापेक्षा वरसेहून पहाटे निघणे सोपे. फोर्ट-सीएसएमटी परिसरातल्या साध्या लॉजमधली एक रात्र चार जणांना महाग वाटते, पण ती क्रूझच्या तिकिटाशेजारी ठेवून पाहावी. वृद्ध, गरोदर बाई किंवा चाकाची खुर्ची लागणारे माणूस बरोबर असेल, परदेशी बंदराची फेरी असेल, किंवा सोमवारी सकाळीच चढायचे असेल, तर हा खर्च वायफळ म्हणता येणार नाही. चाकाच्या खुर्चीसाठी कंपनीला आधी कळवलेले असले तर दारापासून मदत मिळते. आयत्या वेळी मागितली तर खुर्ची येईपर्यंत थांबावे लागते.

लांबच्या प्रवासानंतर बोट धरायची असेल तर एक दिवस आधी पोचावे, हे जगभर पाळले जाते. न्यू जर्सी किंवा शिकागोतली मराठी कुटुंबे डिसेंबरात मायामीहून कॅरिबियनला जातात तेव्हा त्यांचे वडखळ म्हणजे बर्फामुळे रद्द होणारी विमाने असतात. एकेकाळी बॅलार्ड पिअरवरही विलायतेच्या टपालबोटींसाठी आगगाड्या थेट धक्क्याजवळच्या मोल स्थानकापर्यंत आणल्या जात, म्हणजे उतारू आणि टपालाच्या थैल्या गाडीतून उतरून बोटीत चढत. गाडी आणि बोट एकमेकींची वाट पाहत असल्याने प्रवाशाला हा हिशेब करावाच लागत नसे. ती सोय गेली, आणि हिशेब प्रवाशाच्या गळ्यात आला.

इतके करूनही उशीर होत असेल तर गाडीतूनच कंपनीच्या तिकिटावरच्या क्रमांकावर फोन करावा, दार बंद झाल्यावर करू नये. यादी पक्की होण्याआधी कळले तर थोडी सवलत मिळू शकते. पक्की झाल्यावर खिडकीवरच्या माणसाच्या हातात काही नसते. बोट चुकली तर ‘गोव्याला जाऊन गाठू’ हा विचार अनेकांच्या मनात येतो. रात्रीच्या कोकण रेल्वेच्या गाडीने मडगाव आणि तिथून मुरगाव बंदर हे अंतर जमण्याजोगे असते, म्हणून तो मोह होतो. पण मुंबईच्या यादीत ‘आला नाही’ असा शिक्का बसलेल्या प्रवाशाला पुढच्या बंदरात चढवायचे की नाही हे कंपनी आणि तिथले बंदर अधिकारी ठरवतात. फेरी परदेशी बंदराची असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाचा प्रश्नही उभा राहतो, कारण तिथे मग स्वतःच्या खर्चाने विमानाने पोचावे लागते. म्हणून गाडीत बसण्याआधी कंपनीकडून लेखी होकार घ्यावा, आणि बॅगा आधीच धक्क्यावर दिल्या असतील तर त्या जहाजाबरोबर गेल्या की बंदरातच राहिल्या, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.